‘ती प्यायली होती’ म्हणजे तिची संमती होती, असं नाही



गावात अत्याचाराची एखादी गोष्ट कानावर आली की पहिला प्रश्न काय येतो? ‘काय झालं?’ असा नाही. प्रश्न येतो, ‘ती तिथं गेलीच कशाला?’ आणि तिनं हळदीच्या रात्री ताडी घेतली असेल, मोहाची घेतली असेल, किंवा कुणी थंड पेयात काही मिसळून दिलं असेल, तर मग विषयच संपला. ‘प्यायली होती ना? मग आता कशाला रडते?’ असं म्हणणाऱ्यांत बायकाही असतात. आपणही असतो.

कायदा मात्र असं म्हणत नाही. न्यायालयात ‘ती का प्यायली?’ हा खरा प्रश्नच नसतो. ‘त्या वेळी हो म्हणण्याइतकी ती शुद्धीवर होती का?’ हा खरा प्रश्न असतो. या दोन प्रश्नांतला फरक प्रत्येक गटातल्या ताईला माहीत हवा, म्हणून हा लेख.

संमती म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. त्यात संमतीचा अर्थ दिला आहे. बाईनं शब्दांनी, खुणेनं किंवा वागण्यातून, त्याच कृतीसाठी, आपल्या मर्जीनं दिलेला स्पष्ट होकार म्हणजे संमती.

यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. ‘त्याच कृतीसाठी’ म्हणजे सोबत बसून जेवली, गाडीवर बसली, एक पेला घेतला, याला संमती म्हणत नाहीत. ‘स्पष्ट’ म्हणजे गप्प राहिली तर होकार धरायचा नाही. आणि कायद्यात हेही लिहिलं आहे की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही.

आता नशेचं बघू. त्याच कलमात म्हटलं आहे की नशेमुळे, किंवा त्या माणसानं स्वतः वा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे, आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचा परिणाम काय, हे बाईला समजत नसेल, तर तिचा तो ‘हो’ संमती धरला जात नाही. बाई बेशुद्ध असेल, संमती सांगण्याच्या अवस्थेतच नसेल, तरीही तो बलात्कारच. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिच्या ‘हो’ला कायद्यात किंमतच नाही.

नीट वाचा. नशा स्वतःहून केली की कुणी फसवून दिली, असा भेद इथं नाही. तिनं स्वतः घेतली असली तरी समज गेली असेल तर संमती नाही. आणि कुणी गुन्हा करण्यासाठी गुंगीचं औषध दिलं असेल तर तो कलम १२३ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हे कलम कसं आलं?

हे कलम सहज मिळालेलं नाही. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा अर्थ लावला गेला. त्यावर देशभरातल्या बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि त्याच वेळी नशेतला ‘हो’ ही संमती नाही, हे कलमात आलं. संमतीची स्पष्ट व्याख्या आली ती पुढे २०१३ मध्ये.

न्यायालय काय काय पाहतं?

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. ‘थोडी घेतली होती’ आणि ‘समज गेली होती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नशा होती एवढं सांगून खटला सिद्ध होत नाही. आरोपीवरचा गुन्हा सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून न्यायालय बारकाईनं पाहतं:

– ती नीट बोलत होती की शब्द अडखळत होते? चालता येत होतं की धरून न्यावं लागलं? उलट्या झाल्या का? मध्येमध्ये शुद्ध हरपत होती का?

– तिला त्या अवस्थेत कुणी पाहिलं? वाढपी, रिक्षावाला, शेजारीण, सोबतची मैत्रीण?

– पेय कुणी दिलं, कुणी आग्रह केला, तिला एकटीला बाजूला कुणी नेलं?

– तिची अवस्था आरोपीला दिसत होती का?

– नंतर ती पहिल्यांदा कुणाशी आणि काय बोलली?

– रक्त आणि लघवीच्या तपासणीत काय आलं?

शेवटच्या मुद्द्याला वेळेचं बंधन आहे. दारूचा अंश रक्तात काही तासच राहतो. गुंगीच्या काही औषधांचा अंश लघवीत त्याहून जास्त वेळ सापडू शकतो. म्हणून दवाखान्यात जितक्या लवकर जाऊ तितकं चांगलं. पण अहवालात काही आलं नाही म्हणून खटला संपत नाही. पाहणाऱ्यांच्या साक्षी आणि तिची स्वतःची साक्ष यांनाही वजन असतं.

पंजाबातला एक निकाल

१९८४ साली पंजाबात दहावीची परीक्षा देणाऱ्या एका मुलीला गाडीत घालून शेतातल्या मोटारपंपाच्या खोलीत नेलं. रस आहे असं सांगून तिला दारू पाजली आणि तिच्यावर अत्याचार केला. सकाळी तिला सोडून दिलं. ती परीक्षेला बसली, घरी आली आणि मग आईला सांगितलं. आधी पंचायतीत प्रयत्न झाला. तिथं न्याय मिळाला नाही, म्हणून वडील पोलिसांकडे गेले.

खालच्या न्यायालयानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. उशीर का झाला, परीक्षेच्या ठिकाणी कुणाला का सांगितलं नाही, असं म्हणत तिच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले आणि आरोपींना सोडलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि आरोपींना शिक्षा दिली. न्यायालयानं म्हटलं, अब्रूच्या भीतीनं घरचे विचार करतात, त्यामुळे उशीर होणं स्वाभाविक आहे. तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या साक्षीदाराचा आधार लागलाच पाहिजे असं नाही. आणि बाईचं आधीचं वागणं कसंही असलं तरी नाही म्हणायचा हक्क तिला आहेच.

आज हे कायद्यातही आहे. तिच्या चारित्र्यावर किंवा आधीच्या संबंधांवर बोट ठेवून संमती सिद्ध करायला परवानगी नाही. ‘दोन बोटांची तपासणी’ करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे.

आणि तो प्यायला असेल तर?

‘तो शुद्धीत नव्हता हो, दारूनं केलं.’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! कायदा ते ऐकत नाही. न्याय संहितेच्या कलम २३ आणि २४ नुसार, त्याला नकळत किंवा जबरदस्तीनं पाजलं असेल तरच नशेचा बचाव चालतो. स्वतःच्या हातानं प्यायलेल्याला, शुद्धीतल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं कळत होतं, असंच धरलं जातं. म्हणजे नशेमुळे तिची संमती रद्द होते, पण त्याचा गुन्हा माफ होत नाही.

नवरा असेल तर?

हा प्रश्न बैठकीत हळू आवाजात येतो. खरं ते सांगते. बायको १८ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आजच्या कायद्यात बलात्कार धरली जात नाही. दोघं वेगळे राहत असतील तर मात्र कलम ६७ खाली गुन्हा होतो. पण एकत्र राहणारी बाईही हात बांधून बसलेली नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ ही हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्कही मागता येतो.

आपल्या गटातली ताई सांगायला आली तर

१. आधी ऐका. ‘कशाला प्यायलीस?’ हा प्रश्न गिळून टाका.

२. तिची तयारी असेल तर अंघोळ करण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. कपडे कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ झाली असेल तरी न्या. ९६ तासांच्या आत आलेल्या बाईचे सगळे नमुने घ्यावेत, असं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या सूचनांत आहे. नशेचा संशय असेल तर रक्त आणि लघवी तपासायला घ्या, असं स्पष्ट सांगा. तपासणी तिच्या संमतीनंच होते. उपचार सरकारी आणि खाजगी, दोन्ही दवाखान्यांत मोफत मिळायला हवेत.

३. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तक्रार घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम १९९ खाली शिक्षा आहे.

४. जबाबात आठवतं तेवढंच सांगायचं. नशेत मधला भाग आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच म्हणायचं. ऐकीव गोष्टींनी किंवा अंदाजानं मधली जागा भरली, तर उलटतपासणीत तेच अंगाशी येतं. न आठवणं हा खोटेपणा नाही, तो नशेचाच परिणाम आहे.

५. तिचं नाव कुणाला सांगू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे.

६. गावात ‘मिटवून टाकू’ म्हणणारे येतील. पैसे देऊन किंवा लग्न लावून असा गुन्हा मिटत नाही.

मदतीसाठी: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत कायदेशीर सल्ल्याला १५१००. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा.

हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. वाचताना कुणी ‘पण ती प्यायली होती’ म्हणालं, तर भांडू नका. फक्त एवढंच विचारा: दारू पिऊन झोपलेल्या माणसाच्या खिशातून पैसे काढले, तर आपण त्याला चोरीच म्हणतो ना? मग बाईच्या बाबतीत हिशोब वेगळा का?