78 अक्षरांचं जनुक

2011च्या जनगणनेत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या 45 लाख 43 हजार भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या 12 कोटी 90 लाख नव्या लागणी झाल्या. म्हणजे अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंतचा अख्खा जिल्हा, लेकराबाळांसकट, दर तेरा दिवसांनी नव्याने आजारी पडावा आणि हे वर्षभर चालावं. क्लॅमिडियाचा जिवाणू पेशीच्या आत दडून वाढतो. बहुतेक बायकांना काही जाणवतही नाही; गर्भनलिका खराब होऊन मूल राहत नाही, तेव्हा शोध सुरू होतो.

यापेक्षा मला जास्त हलवतात ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचे 1989 साली प्रसिद्ध झालेले आकडे. गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या, 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून जास्त. त्यातले निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि आधी कधी तपासणी झालेल्या? शंभरात आठ. अंगावरून पांढरं जातं हे सांगायचं कुणाला? आरोळे दांपत्याने 1970 साली सुरू केलेल्या जामखेडच्या आरोग्य प्रकल्पात गावातलीच बाई आरोग्यसेविका झाली, ते म्हणूनच मोलाचं.

आता औषधाकडे. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन म्हणजे अवघ्या 26 अमिनो आम्लांची साखळी. ती लिहायला जनुकाची 78 अक्षरं पुरतात. जंतूच्या आवरणाला ती भोकं पाडते. पण बाहेरून दिली तर शरीरातली विकरं तिचे तुकडे करतात, आणि शत्रू तर पेशीच्या आत. म्हणून मॉस्कोच्या संशोधकांनी तिचं जनुकच प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा, या दोन्ही जिवाणूंचा संसर्ग रोखला गेला. मेलिटिन आपल्या पेशीही फोडतं, त्यामुळे जनुकाला टेट्रासायक्लिन या औषधावर चालणारी कळ जोडावी लागली. दवाखान्यात हा उपचार अजून आलेला नाही.

मग कमी घातक साखळी शोधावी, तर 20 अमिनो आम्लांपासून 26 मण्यांच्या साखळ्या बनतात 67वर 32 शून्यं इतक्या! विश्व जन्मल्यापासून, 1380 कोटी वर्षं, सेकंदाला कोटी गुणिले कोटी तपासल्या असत्या, तरी आज एक टक्काही काम संपलं नसतं. इथे संगणक कामी येतो. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने अशा जंतुनाशक साखळ्यांचा, म्हणजे पेप्टाइडांचा, 'कॅम्प' नावाचा संग्रह उभारलाय. त्याच्या चौथ्या आवृत्तीत 24,243 साखळ्या आहेत. त्यांवरून शिकलेली संगणकीय सूत्रं एखादी नवी साखळी जंतू मारू शकेल का, याचा अंदाज ती बनवण्याआधीच देतात.