सोन्याहून घडणावळ महाग?

आमच्या परतवाड्यात माणसाची ओळख त्याच्या पदवीवरून होत नाही, त्याच्या एखाद्या खोडीवरून होते. मी मराठीचा एम. ए. गेली वीस वर्षे महाविद्यालयात मुलांना वृत्ते, अलंकार आणि संतवाङ्मय शिकवतो आहे. पण बसस्थानकावर उतरून कुणी माझे घर विचारले, तर पानठेल्यावरची मंडळी म्हणतात, "ते लाल गाडीवाले सर ना? मंग सीधे जा जी. ज्या घरापुढं गाडीचं बोनट उघडं दिसन, तेच त्याईचं घर!"

वाचकहो, या थट्टेत तथ्य आहे. माझी मोटार २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. आहे. आर. एस. म्हणजे 'रॅली स्पोर्ट'. गाडीचे मूळ कुळ चेक प्रजासत्ताकातले. पण ऑक्टाव्हिया मोटारी २००१ सालापासून औरंगाबादेजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात जुळवल्या जाऊ लागल्या. तेव्हा सासर परतवाड्याचे असले तरी हिचे माहेर मराठवाड्याचे, असे मी सौभाग्यवतींना सांगतो. अठराशे सी. सी.चे इंजिन, त्यावर टर्बो, चार सिलिंडरांना मिळून वीस झडपा आणि दीडशे अश्वशक्ती. वीस वर्षांपूर्वीच्या भारतात ही शक्ती म्हणजे चैनच होती.

२०१२ साली मी ती नागपुरात जुनी म्हणून घेतली. किंमत दोन लाख चाळीस हजार, काट्यावर ब्याण्णव हजार किलोमीटर. घरी आणली तेव्हा सासरेबुवांनी एक फेरी मारली, टायरला काठी लावून पाहिली आणि एवढेच म्हणाले, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" सौभाग्यवती शाळेत गणित शिकवतात. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले: 'मोटार: नावे.' जमेची बाजू त्यांनी आखलीच नाही.

त्या वहीला यंदा तेरा वर्षे झाली. काटा आता दोन लाख एकसष्ट हजारांवर आहे, म्हणजे पृथ्वीला साडेसहा प्रदक्षिणा. जास्त पळालेली वेगवान गाडी ठेवणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, असा प्रश्न मला पुष्कळ तरुण विचारतात. त्यांना तोंडी उत्तर देण्यापेक्षा ही वहीच उघडून दाखवावी म्हणतो.

कोळ्याचे जाळे आणि काळी माती

पहिली गोष्ट सुट्या भागांची. गाडी टिकते की नाही हे तिच्या शक्तीवर जितके अवलंबून, तितकेच तिच्या गोतावळ्यावर. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिचे उत्पादन केव्हाच थांबले, तरी टॅक्सी म्हणून तिने मुंबईकरांना ऑक्टोबर २०२३ पर्यंत वाहिले. कारण साधे यंत्र, सर्वांच्या ओळखीचे, आणि कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्र्याला डोळे मिटून खोलता येणारे. माझ्या गाडीचे यंत्र तसे साधे नाही. पण स्कोडा ही फोक्सवॅगन समूहातली, आणि हेच अठराशे सी. सी.चे टर्बो इंजिन त्या समूहाने ऑडी, फोक्सवॅगन, सीट अशा अनेक भावंडांना वाटून दिलेले. त्यामुळे पंप, पट्टा, गॅस्केट, इग्निशन कॉइल या वस्तू आजही मिळतात. मिळत नाही ते केवळ आर. एस.चे म्हणून असलेले: पुढचा बंपर, त्या विशिष्ट खुर्च्यांचे कापड, जाळीवरचे चिन्ह. तात्पर्य, अशी गाडी घेणाऱ्याने इंजिनाची काळजी थोडी कमी आणि बंपरची थोडी जास्त करावी!

दुसरी गोष्ट आमच्या वऱ्हाडाची. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. लोखंडाला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते रबराला आणि प्लास्टिकला. इंजिनाभोवती हवेच्या बारीक नळ्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे असते. त्यांतली एखादी नळी उन्हाने तडकली की हवा चोरीला जाते, गाडी उभ्या जागी थरथरते, आणि अननुभवी मिस्त्री टर्बोच बदलायला सांगतो. दीडशे रुपयांच्या नळीपायी तीस हजारांचा खर्च सुचवला गेल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. शिवाय खालची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. त्या लाटांवरून वेगाने जाण्याची किंमत शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश मोजतात. वहीत दर दोन-तीन वर्षांनी 'बुश' हा शब्द पुन्हा येतो. आमच्या सौभाग्यवतींना तो आता एखाद्या नातेवाइकासारखा वाटतो.

आळसाचा कर

आता वहीतली लाल शाईची पाने. दुरुस्तीवर तेरा वर्षांत पाच लाख सत्त्याऐंशी हजार रुपये गेले. त्यांपैकी एक लाख चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, गाडीच्या दोषाने गेला नाही. माझ्या दोषाने गेला. तीन चुका सांगतो.

पहिली, मे २०१४. दर्यापूरच्या बाजूने येताना इंजिन तापले. कूलंट संपलेले. मी रस्त्याकडेच्या हापशावरून बादली भरली आणि ओतली. तो भाग खारपाण पट्ट्यातला, हे शाळेच्या भूगोलात वाचले होते. त्या क्षणी आठवले नाही. परत आल्यावर ते पाणी काढून टाकायचे, तेही मी दोन महिने विसरलो. क्षारांनी रेडिएटर बुजला, पुढे हेड गॅस्केट गेले. अडतीस हजार.

दुसरी, चिखलदरा. परतवाड्याहून तीसेक किलोमीटरांत मोटार सपाटीवरून सुमारे अकराशे मीटर उंचीवर चढते. घाटात टर्बो तापून लाल होतो. त्याचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला वंगण व गारवा देते ते इंजिनाचे तेल. वर पोचलो, की दरी बघायची घाई. मी तत्क्षणी चावी फिरवीत असे. इंजिन थांबले की तेलाचा प्रवाहही थांबतो, आणि तापल्या पोटात उरलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवले असते, तर भागले असते. त्या न दिलेल्या मिनिटांची बेरीज २०१६ साली चौसष्ट हजार झाली.

तिसरी चूक सांगताना मात्र अजून जीभ अडखळते.

इंजिनात टायमिंगचा एक दातेरी पट्टा असतो. खाली दट्टे, वर झडपा. दोघांची लय तो सांभाळतो. वृत्तात यतिभंग झाला तर कान दुखतो. येथे लय चुकली की वर चढणारा दट्टा उघड्या झडपेवर आदळतो. हा पट्टा साधारण साठ ते ऐंशी हजार किलोमीटरांनी बदलावा लागतो. कमी पळूनही वर्षे झाली असली तरी बदलावा, कारण रबर वयानेही मरते. आधीच्या मालकाने तो केव्हा बदलला याची नोंद नव्हती. जिची नोंद नाही ती गोष्ट झालेलीच नाही असे धरावे, हा जुन्या गाडीचा पहिला नियम. काटा दीड लाखावर गेला तेव्हा आमचे मिस्त्री म्हणाले, "सर, पट्टा बदलून टाका. तुटाच्या आंधी तो काई सांगत नाई." खर्च चौदा हजार. मी म्हटले, दिवाळीनंतर पाहू. तो २०१७ सालचा आश्विन होता.

त्याच आठवड्यात आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अमरावतीला झाली. डोळ्यावर पट्टी, वर हिरवे कापड. रात्री नऊच्या सुमारास वलगाव सोडले. आसेगावच्या अलीकडे एक कट् असा आवाज झाला आणि दीडशे घोडे एकदम निजले. दिवे होते, स्टिअरिंग जड झालेले. कशीबशी गाडी कडेला घेतली. अंधारात आई एकच विचारीत होती, "काय झालं रे? घर आलं काय?"

पाऊण तास आम्ही तसे बसून होतो. संत्री उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने आणि मी आईला उचलून उंच केबिनमध्ये बसवले. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून तिने एक हात कपाळावर धरला होता. दुसऱ्या हातात ड्रायव्हरने दोन संत्री दिली होती, ती तिने घर येईपर्यंत सोडली नाहीत. डोळा सुखरूप राहिला, हे तिचे पुण्य, माझे नव्हे. गाडीच्या बारा झडपा वाकल्या होत्या. चौदा हजारांच्या जागी ब्याऐंशी हजार. वहीत सौभाग्यवतींनी आकडा लिहिला आणि त्यापुढे एकच शब्द: 'वाचली.' तो कुणासाठी, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला आई एस. टी.ने गेली.

एक मास्तर तिकडचे

त्या हिवाळ्यात मी गाडी विकायला काढली होती. तेव्हाच इर्व्ह गॉर्डन या अमेरिकन गृहस्थांची हकीकत वाचली. हेही मास्तरच, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शाळेत विज्ञान शिकवणारे. १९६६ साली त्यांनी व्होल्व्हो पी १८०० एस ही देखणी स्पोर्ट मोटार घेतली. शुक्रवारी घेतली आणि सोमवारी पंधराशे मैल पुरे करून पहिल्या तपासणीला आणली! सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्याच गाडीने तीस लाख मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर, पूर्ण केले. एकाच मालकाच्या खासगी मोटारीचा तो जागतिक विक्रम. २०१८ साली गॉर्डन वारले. त्यांचे रहस्य काय? काही नाही. कंपनीच्या पुस्तिकेत जे जेव्हा करायला सांगितले, ते तेव्हा केले. तेल वेळेवर, पट्टे-नळ्या वेळेवर, आणि नवा आवाज आला की त्याकडे कानाडोळा नाही.

पण उदाहरणासाठी अमेरिकेला तरी कशाला जावे? आमच्या अचलपूरची शकुंतला आठवा. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्या अरुंद रुळांवर धावले. मी लहानपणी ते पाहिले आहे. तेल घालणारा माणूस प्रत्येक मुक्कामाला लांब चोचीचे भांडे घेऊन खाली उतरे. कुणी आठवण करून द्यावी लागत नसे. यंत्राचे आयुष्य पोलादात कमी आणि त्या भांड्यात जास्त असते.

मी गाडी विकली नाही. त्याऐवजी निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या कामांचे कोष्टक आखले. तेल साडेसात हजारांना. पुस्तिकेपेक्षा लवकर, कारण आमची धूळ आणि आमचे ऊन. कूलंट दोन वर्षांनी. पट्टा आणि त्याबरोबर पाण्याचा पंप साठ हजारांना किंवा पाच वर्षांनी, जे आधी येईल ते. दरमहा अडीच हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे. त्यानंतरच्या आठ वर्षांत गाडी रस्त्यात एकदाच थांबली, तीही पंक्चर होऊन, आणि स्टेपनीत हवा नव्हती म्हणून.

अखेरची बेरीज

आता सौभाग्यवतींचा हिशेब. तेरा वर्षे, एक लाख एकोणसत्तर हजार किलोमीटर. लिटरला सरासरी दहा किलोमीटर. पेट्रोल पंधरा लाख एकवीस हजार, दुरुस्ती पाच लाख सत्त्याऐंशी हजार, टायर एक लाख चार हजार, विमा आणि कर एक लाख बारा हजार. एकूण तेवीस लाख चोवीस हजार; म्हणजे किलोमीटरमागे पावणेचौदा रुपये.

यात एक गंमत आहे. लोक हसतात ते उघड्या बोनटला. पण लिटरला अठरा किलोमीटर देणारी एखादी छोटी मोटार असती, तर केवळ पेट्रोलात पावणेसात लाख वाचले असते. माझ्या साऱ्या दुरुस्तीहून जास्त! वेगवान गाडीचा खरा खर्च गॅरेजात होत नाही, पंपावर होतो. रोज थोडा थोडा, म्हणून तो दिसत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा सरासरी आणखी खाली येणारच; आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

उलट बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. मी कर्ज काढले नाही, व्याज भरले नाही. नवी गाडी पहिल्या चार-पाच वर्षांत जी किंमत गमावते, ती दुसऱ्या कुणीतरी आधीच गमावली होती. तरीही सरळ विचारलेत, तर सांगतो: पैसे वाचवण्यासाठी अशी गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल, तर खरेदीच्या किमतीचा निम्मा भाग बाजूला ठेवून घ्या. जुनी कागदपत्रे मागा. आणि तिच्याशी आळस करू नका. साधी गाडी आळस पुष्कळ पोटात घालते. ही घालत नाही.

यंदा, २०२५ साली, गाडीला वीस वर्षे झाली. ऑगस्टमध्ये सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींचे नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले. सौभाग्यवतींनी वही पुढे ठेवली आणि विचारले, "मग? ठेवायची?" मी काही बोलण्याआधी ओसरीवरून आई म्हणाली, "भर बापा पैसे. तेवढं पोरगं कामाले लागलं त्या गाडीपायी."

गाडी तपासणीत पास झाली. परवा आईला डोळे दाखवायला अमरावतीला न्यायचे होते. आठ वर्षांनी ती पुन्हा या गाडीत बसणार होती. दार उघडून उभा राहिलो. तिने एक पाय आत ठेवला, मग थांबली आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माझ्या आईने मला विचारले,

"पट्टा बदलला काय रे?"

मी निळी वही उघडून ते पान तिच्यासमोर धरले. तिला वाचता येत नाही. तरी तिने दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिले, आणि मग बसली.