फळांच्या टोपलीतला वर्णभेद

फळं घेताना आपण भाव बघतो, ताजेपणा बघतो. पण ती येतात कुठून, हे विचारतो का?

१९८४ साली डब्लिनच्या एका दुकानातल्या तरुण विक्रेतीनं दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रुटं, म्हणजे आपल्या पपनसाच्या जातीची फळं, विकायला साफ नकार दिला. तिथल्या वर्णभेदी राजवटीचा निषेध म्हणून! तिला निलंबित केलं, तसे सहकारीही संपावर गेले, बहुतेक बायकाच. जवळजवळ तीन वर्षं त्या नेटानं उभ्या राहिल्या. अखेर १९८७ साली आयर्लंड सरकारनं तिथली फळं-भाजी आणायला बंदी घातली.

आपल्या देशानं तर १९४६ सालीच तो व्यापार तोडला होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात विजयालक्ष्मी पंडितांनी तिथल्या हिंदी लोकांची बाजू मांडली.

कायदे सरकारं करतात हे खरं. पण कधी कधी त्यांना जागं करायला गल्ल्यावरची एक पोर पुरते, नाही का?