चितेचे पर्याय आणि गावाचा हिशेब

‘विद्युतदाहिनी बसवली की प्रश्न मिटला,’ असं चितेच्या लाकडाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. शिरूर-दौंडच्या गावांपुरता हिशेब मांडून पाहा. वर्षाला हजारी साधारण ६ मृत्यू धरले, तर ४ हजार वस्तीच्या गावात महिन्याला दोनच अंत्यविधी होतात. दाहिनीची भट्टी थंड पडली की ती पुन्हा काही तास तापवावी लागते. रोज अनेक अंत्यविधी होतात तिथेच ती उष्णता सत्कारणी लागते. दौंड शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत ५० हजारांच्या आसपास होती, म्हणजे जवळपास रोज एक मृत्यू. तिथे दाहिनीचा विचार होऊ शकतो. लहान गावात मात्र तिच्यावरचा खर्च मला पटत नाही.

पर्याय म्हणजे चिताच नको, असंही नाही. साध्या चितेला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागतं. १९९२ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘मोक्षदा’ पद्धतीत देह लोखंडी जाळीवर ठेवतात. खालून हवा खेळते, वर धुराडं असतं आणि दीडशे ते दोनशे किलोंत काम होतं. नागपुरात विजय लिमये यांच्या इको-फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटांचं ‘मोक्षकाष्ठ’ घाटांवर आणलं. आपल्याकडे तर उसाचा पट्टा आहे आणि तोडणीनंतर फडातच पेटवून दिलं जाणारं पाचट आहे. त्याचा पांढरा कोळसा, म्हणजे दाबून केलेल्या जळाऊ विटा, होऊ शकतो. पण पाचटात राख जास्त असते, म्हणून त्यात दुसरा भुसा मिसळून आधी चाचणी घ्यायला हवी.

‘धर्म परवानगी देत नाही,’ हा आक्षेप मनापासून येतो. तरी नाथ, गोसावी, लिंगायत यांच्यात समाधी देतात आणि अगदी लहान मुलांना बहुतेक घरांत पुरतातच. देहदानाचा मार्गही खुला आहे. त्यासाठी राज्यात १९४९ पासून कायदा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाची माती करण्याला मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्यासाठी क्षारयुक्त गरम पाण्याची पद्धत निवडली गेली. अशा नव्या वाटांनी जायचं तर आधी कायदा आणि सांडपाण्याची सोय लागेल.

या कामात उतरू पाहणाऱ्या उद्योजकांचा सर्वांत मोठा गैरसमज गिऱ्हाईकाबद्दल असतो. दुःखातलं कुटुंब यंत्र विकत घेत नसतं. शेड आणि जाळी घेते ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, बहुतेकदा जनसुविधेसारख्या निधीतून. त्यामुळे पाचट गोळा करणारा शेतकरी गट, पांढरा कोळसा पाडणारा, रांजणगाव-कुरकुंभकडचा फॅब्रिकेशनवाला आणि ग्रामसेवक एका बैठकीत आले, तरच हा व्यवसाय उभा राहील. कारखान्यांचे बॉयलरही हाच कोळसा मागतात. गावाचे महिन्याचे दोन अंत्यविधी एवढ्यावर कुणाचं यंत्र चालणार नाही. बॉयलरच्या मागणीच्या जोडीलाच हे काम बसवावं लागेल.

त्या बैठकीत अंत्यविधी करणाऱ्या जाणत्या माणसालाही बोलवावं. जाळीखाली राखेसाठी वेगळा ट्रे हवा, हे तोच आधी सांगेल. तिसऱ्या दिवशी सावडायला आलेल्या घरच्यांना विटांच्या राखेतून अस्थी वेगळ्या वेचता आल्या नाहीत, तर ते गाव दुसऱ्यांदा ही चिता लावणार नाही.