ससा प्रदर्शनात नेताना

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. जवळच्या गावातील एक शेतकरी आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी स्वेटरची बाही वर करायला तयार होईना. समजूत काढून हात पाहिला, तर कोपराच्या आतल्या बाजूला तीन गोल चट्टे होते. त्यांच्या कडा लालसर व उठलेल्या, मधला भाग मात्र फिकट. हा गजकर्ण, म्हणजेच नायटा, हे ओळखायला वेळ लागला नाही.

वडील म्हणाले, "साहेब, मेडिकलमधून ट्यूब आणली होती. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा दुपटीनं वाढलं."

मी विचारले, "घरात जनावर काय काय आहे?" त्यावर मुलगी एकदम खाली पाहू लागली. घरात पांढरा ससा होता, नाव 'कापूस'. दहा दिवसांनी शाळेत पाळीव प्राण्यांचे प्रदर्शन होते आणि कापूस त्यात जाणार होता. त्याच्या कानामागचे केस गेले आहेत, हे तिला तीन आठवड्यांपासून ठाऊक होते. पण सांगितले तर ससा घरातून जाईल, या भीतीने तिने त्याचा कान आणि स्वतःचा हात दोन्ही लपवले. वडिलांचे पुढचे वाक्य तेच निघाले, "सशाचंच असंल तर आजच देऊन टाकतो कुणाला."

वाचकहो, आजचा लेख या वाक्यासाठीच आहे.

आपल्या भागाला जनावरे मिरवण्याची हौस नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे लाल कंधारी आणि देवणी जनावरांबरोबर घोडे, कुत्री आणि कोंबड्यांचीही प्रदर्शने होतात. इंग्लंड-अमेरिकेत सशांची अशीच प्रदर्शने भरतात. तेथे लहान मुलांच्या स्पर्धेत ससा किती देखणा एवढेच पाहत नाहीत. मुलाने तो टेबलावर ठेवून त्याचे कान, डोळे, दात, नखे आणि पाय परीक्षकाला दाखवायचे असतात. ही पद्धत मला डॉक्टर म्हणून फार आवडते. जे मूल रोज जनावर तपासायला शिकते, त्याला दुखणे वेळेवर दिसते. मात्र दिसलेले सांगण्याची मुभा घरात असली पाहिजे.

आता पालकांनी काय करावे ते पाहू.

प्रथम, ससा कोणता? शिवारात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नये. रानससा पकडणे व पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ते पिल्लू सहसा जगतही नाही. पाळीव ससा ही जातच वेगळी. त्याची पिल्ले जन्मतः उघडी आणि डोळे मिटलेली असतात. रानसशाची पिल्ले केसाळ आणि डोळे उघडलेली जन्मतात.

दुसरे, उचलणे. ससा कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली ठेवून त्याला अंगाशी धरावे. मागचा भाग लोंबकळत राहिला तर ससा जोराने लाथ झाडतो आणि त्यात त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो. पाच वर्षांखालील मुलाने तो उचलूच नये. जमिनीवर बसून मांडीजवळ घ्यावा. टेबलावर गोणपाट अंथरावे म्हणजे पाय घसरत नाहीत. प्रदर्शनाच्या महिनाभर आधीपासून रोज पाच-दहा मिनिटे सराव पुरे.

तिसरे, आंघोळ. पोळ्याला आपण बैल धुतो, म्हणून सशालाही साबण लावून धुवावे असे वाटते. तसे करू नये. पाण्याने तो घाबरतो, गारठतो आणि दगावूही शकतो. मऊ ब्रशने केस विंचरावेत. गुलाल, रंग, अत्तर काही लावू नये.

चौथे, खाणे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणून मुख्य अन्न गवत, हराळी उत्तम. बिस्किटे, पोळी, गूळ देऊ नये. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरातील औषधे त्याच्यावर वापरू नयेत. अमॉक्सिसिलीनसारखे औषध पोटात गेल्यास सशाच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरतात आणि तो दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिलही त्याला विषासारखे आहे. उष्णता तर त्याला मुळीच सोसत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी सावली, वारा आणि पाणी हवेच.

आता मुलाच्या आरोग्याचे. सशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. प्रदर्शनात भेळ-खाऊ घेण्यापूर्वी तर नक्कीच. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला सशाचे केस आणि गवताची धूळ बाधू शकते. शिंका, खोकला, धाप वाढली तर डॉक्टरांना दाखवावे. ओरखडा किंवा चावा साबण व वाहत्या पाण्याने धुवावा. धनुर्वाताची लस पाच, दहा आणि सोळा वर्षांच्या टप्प्यावर झाली आहे का, ते कार्डावर पाहावे. सशापासून रेबीजची भीती जवळपास नसते. मात्र गर्दीत सशावर धावून आलेले कुत्रे मुलाला चावले, तर जखम पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नये. लसीचे सर्व डोस पुरे करावेत. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

आणि नायटा. हा बुरशीचा रोग जनावराकडून माणसाला व माणसाकडून माणसाला होतो. दुकानातील अनेक 'खाजेच्या ट्यूब'मध्ये स्टेरॉईड असते. त्याने खाज थांबते, लाली उतरते, पण बुरशी आतून पसरत राहते. त्या मुलीचे तसेच झाले होते. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय घेऊ नये. योग्य औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत, घरातील सर्वांची कातडी तपासावी. सशावरही त्याच वेळी उपचार करावेत, नाहीतर दोघे एकमेकांना रोग परत देत राहतात.

मी वडिलांना सांगितले, "ससा द्यायची गरज नाही. दोघेही बरे होतील." मग मुलीला म्हणालो, "पण या वर्षी कापूस प्रदर्शनात जाणार नाही. दुसऱ्या पोरांना लागण होईल." ती रडली. मला वाईट वाटले, पण दुसरा उपाय नव्हता.

पंधरा दिवसांनी ती हात दाखवायला आली तेव्हा बाही आधीच वर केलेली होती. प्रदर्शनात ती रिकामी पेटी घेऊन गेली होती. ससा का आणला नाही आणि तो कसा उचलावा, हे तिने सगळ्यांना सांगितले म्हणे. मग माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, घरी आईच्या मानेवर पण एक आहे. आई सांगत नाही."

आईलाही बोलावून घेतले. चट्टा लहान होता, वेळेत सापडला.