दहावीनंतरचा फाटा

दहावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरकडची मुलं वेगवेगळ्या वाटांना लागतात. कुणी सायन्स घेतं, कुणी कॉमर्स, कुणी आर्ट्स. कुणी एमआयडीसीतली नोकरी डोळ्यांसमोर ठेवून आयटीआय गाठतं. पोटापाण्याची वाट ठरते हे सगळे जाणतात. पण मुलगा किंवा मुलगी नागरिक म्हणून कशी घडणार, हेही इथेच थोडंफार ठरतं.

आधी अभ्यासक्रम बघा. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर सगळ्यांना असतो. पुढे राज्यशास्त्र मुख्यतः आर्ट्सला, तेही निवडलं तर. सायन्सवाले नीट-सीईटीच्या मागे, फिटर-वेल्डर वर्कशॉपमध्ये. म्हणजे मतदानाचा हक्क मिळण्याआधीच्या वर्षांतच या विषयाशी बहुतेकांचा संबंध तुटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या ४३४ आयटीआयमध्ये ‘संविधान मंदिर’ सुरू झालं, ते बरंच झालं.

तरी सगळा भार पुस्तकावर टाकता येणार नाही, आणि हे महाडकरांना वेगळं सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केलं १९२४ मध्ये. प्रत्यक्षात बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली, ती २० मार्च १९२७ रोजी. कागदावरचा हक्क बजावायला सोबत लागते, आणि आपल्याला तो आहे असं मनातून वाटावं लागतं.

मुलांची वेगवेगळ्या वाटांत होणारी वाटणी नेमकी या भावनेवर काम करते. शाळेतल्या तुकड्याच घ्या. ‘अ’ तुकडीतल्या मुलाने उलट प्रश्न केला तर तो चौकस. शेवटच्या तुकडीतल्याने केला तर आगाऊ. वर्षानुवर्षं हे ऐकलेला मुलगा ग्रामसभेत उठून पाणीयोजनेचा हिशेब विचारेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अर्थात सगळा दोष वाटेचा नाही. घरची ऐपत, आईबापांचं शिक्षण यांवरच वाट बरीचशी ठरते. म्हणून पुढे दिसणारा फरक शाळेने केला की घरातूनच आला, हे ओळखायला तीच मुलं वाटणीआधी आणि नंतर तपासावी लागतात. वाटणी कधी करायची, हे मात्र सरकारच्या हातात असतं. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत ती चौथीनंतर, दहाव्या वर्षीच होते. फिनलंडमध्ये मुलं सोळाव्या वर्षापर्यंत एकत्र शिकतात.

आपल्याकडे सतरा वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. शिक्षकांनो, तो अर्ज आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही घेऊन जा, आणि भरून घेताना मुलांना प्रश्न विचारू द्या.