अर्जातला छोटा शब्द : ‘ऑन’ की ‘अगेन्स्ट’?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, अधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन असो की परदेशी विद्यापीठाला पाठवायचे पत्र, आपल्या तरुणांचे इंग्रजी अनेकदा प्रीपोझिशनपाशी अडते. मराठीत ‘ला’, ‘शी’, ‘वर’, ‘विरुद्ध’ हे नामानंतर येतात. इंग्रजीत प्रीपोझिशन नामाच्या आधी येते आणि ते कोणते घ्यायचे, हे बहुधा त्याआधीचे क्रियापद किंवा नाम ठरवते. म्हणून मराठी प्रत्ययाचे शब्दशः भाषांतर फसते.

‘दलितांवर अत्याचार’ म्हणून आपण ‘अ‍ॅट्रॉसिटीज ऑन’ लिहितो. प्रमाण इंग्रजीत तिथे ‘अगेन्स्ट’ येते. ‘प्रश्नावर चर्चा केली’ म्हणताना ‘डिस्कस’नंतर काहीच लागत नाही. मात्र ‘डिस्कशन’ हे नाम असेल, तर ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ चालते.

काही ठिकाणी या छोट्या शब्दाने अर्थच बदलतो. ‘डिस्क्रिमिनेट बिट्वीन’ म्हणजे दोन गोष्टींतला फरक ओळखणे. ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’ म्हणजे एखाद्याशी अन्यायाने भेदभाव करणे. संविधानाच्या कलम १५ मध्ये ‘अगेन्स्ट’च आहे. तक्रारीत ‘बिट्वीन’ लिहिले, तर अन्यायाची धारच बोथट होते.

जुने इंग्रजी वाचताना वेगळी काळजी घ्यावी लागते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘अमक्याकडून झाले’ हे सांगताना अनेकदा ‘ऑफ’ येते. आज तिथे ‘बाय’ लिहितात. म्हणजे तिथला ‘ऑफ’ करणारा दाखवतो. बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या शीर्षकात मात्र तोच ‘ऑफ’ उलट काम करतो : जात नष्ट करणारी नाही, जात नष्ट करायची आहे. तेव्हा ‘ऑफ’ म्हणजे ‘चा, ची, चे’ एवढ्यावर थांबू नका. कोणी काय केले, हे संदर्भावरून पाहा.

जुना शब्द वापरला की इंग्रजी भारदस्त होते, असेही नाही. ‘अनटू’ आज धर्मग्रंथांपुरता उरला आहे. आपण ‘टू’ लिहावे. ‘अपॉन’ कायद्याच्या भाषेत अजून टिकून आहे, पण साध्या अर्जात ‘ऑन’ पुरेसे आहे.

उपाय सोपा आहे. नवे क्रियापद एकटे पाठ करू नका. त्याच्या प्रीपोझिशनसह, एका पूर्ण वाक्यात वहीत लिहा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ही जोडी दिलेली असते. निवेदन देण्याआधी एकदा तपासा : कोणी, कोणावर, कोणत्या कलमाखाली? ही तीनही उत्तरे प्रीपोझिशनवरच उभी असतात.